मस्कतवाल्या मालकांची शिकवणी

लातुरातली आमची खोली आम्हाला मुलाखत देऊन मिळाली. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नवऱ्याचं काम एमआयडीसीत, माझं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि दोघांचं सामान अजून दोन गावांत पडलेलं. मालक अंगणात कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली निळ्या चौकड्यांची लुंगी. आमच्यासाठी समोर दोन स्टूल मांडून ठेवले होते. नवऱ्यानं सवयीप्रमाणे सुरुवात केली, "डिप्लोमा मेकॅनिकल, फर्स्ट क्लास..."

मालकांनी हात वर केला. "शिकलास ते सोड. येतंय काय ते सांग."

नवरा गडबडला. पगार, गाव, पाहुणेरावळे, पाणी किती लागेल, या सगळ्याची उत्तरं तो घोकून आला होता. शेवटी म्हणाला, मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगता येतं. मालक त्याला तसंच उठवून मागच्या बोअरच्या मोटारीपाशी घेऊन गेले. परत आले तेव्हा नवऱ्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते आणि मालकांचा चेहरा खुलला होता. मग ते माझ्याकडे वळले.

"तुला?"

"रक्त काढता येतं," मी म्हणाले. "न दुखवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं शटर वर केलं, तर पायरीवर मालक हजर, उपाशीपोटी, शर्टाची बाही वर सारून. सुई काढून कापूस लावला तरी ते सुई कधी टोचतेय याची वाट बघत होते. झालं म्हटल्यावर "खोली तुमची" म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले. रिपोर्ट न्यायला काही आले नाहीत. मीच घरी नेऊन दिला. साखर वाढलेली होती. "मी कुठं तपासायला आलतो? मी मुलाखत घ्यायलतो," असं म्हणून त्यांनी तो कागद बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या हातात ठेवला.

त्याआधी दोन-तीन ठिकाणी आमचं आडनाव ऐकल्याबरोबर खोली 'कालच गेली' होती. आम्हा बौद्धांना शहरात खोली शोधताना ही 'काल' फार वेळा भेटते. या गृहस्थांनी आडनाव विचारलंच नाही. पुढं कधीतरी विचारलं, तेही पोस्टमन दारात उभा होता म्हणून.

मालक तरुणपणी बरीच वर्षं मस्कतला होते. परत येऊन त्यांनी चार खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या, पण मनानं ते पुरते परत आले नव्हते. त्यांच्या बैठकीत एकच घड्याळ होतं आणि ते मस्कतच्या वेळेवर चालायचं, आपल्यापेक्षा दीड तास मागं. त्या घड्याळावर भरवसा ठेवून काकूंच्या माहेरच्या किती माणसांच्या गाड्या चुकल्या असतील, याची गणती नाही. लातूरचा प्रत्येक पदार्थ, प्रत्येक रस्ता, प्रत्येक मोसम मस्कतशी ताडून बघितला जायचा. मे महिन्यात आम्ही सगळे ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो असताना ते म्हणायचे, "मस्कतात ऊन हाय, पर शिस्तीत हाय. आपलं ऊन कुठूनबी येतंय."

काकू शांतपणे निवडण-टिपण करत ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तिथं होते तवा फोनवर निस्तं लातूर लातूर करायचे. आता लातुरात बसून मस्कत मस्कत. म्या नेमकं कुठं नांदायचं ते मला अजून कळलं न्हाई, माय."

मालकांना एक नाद होता. जून महिना लागला की ते रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कोचिंग क्लासला आलेली पोरं, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या, मुखेड-देगलूरकडून आलेल्या त्यांच्या आया, हे सगळं ते डोळे भरून बघायचे. नवा माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा. "मान वर करून पाट्या वाचत चालला की समजायचं, नवा हाय," असं त्यांचं शास्त्र होतं. मग ते त्या माणसाला गाठून, कुणी विचारलेलं नसताना, मेस कुठली चांगली आणि रिक्षावाला किती मागेल ते सांगायचे. काही आया त्यांना दलाल समजून पोरांना मागं ओढायच्या. मालकांना त्याचं वाईट वाटत नसे.

अशा माणसाच्या घरात राहत असताना माझ्या नवऱ्याला जर्मनीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली.

पेढे वाटून झाले, नवरा गेला, आणि व्हिसा होईपर्यंत मी एकटी त्या खोलीत राहिले. लोक म्हणायचे नशीब काढलं. मला मात्र धास्ती वाटायची. मुखेडजवळच्या आमच्या गावात माझ्या आईनं लोकांच्या शेतात खुरपून मला लॅबचं शिकवलं होतं. पहिल्या पगारापासून मी कुणापुढं हात पसरला नव्हता. आता तिथं जाऊन काय करणार? माझं प्रमाणपत्र तिथं कागदाचा कपटा. भाषा म्हणजे ऑनलाइन शिकवणीतली पाच-पंचवीस वाक्यं, त्यातली निम्मी बस कुठं थांबते याबद्दलची. मी काय शाम्पूच्या बाटलीसाठी नवऱ्याकडं पैसे मागू? आणि याहून मोठी भीती मी कुणाला सांगत नव्हते. मला काम मागता येत नव्हतं. लातूरची नोकरीही मी मागितली नव्हती, कॉलेजच्या सरांनी शब्द टाकला होता. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून 'मला काम द्या' म्हणायचं, हे मला आजवर एकदाही जमलं नव्हतं.

एका दुपारी काकूंसोबत मेथी निवडता निवडता हे सगळं बाहेर पडलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट. आत मालक झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. ते बाहेर आले.

"फिकीर कामून करायलीस? तुला परदेशात काम लावायचं ते मी बघतो."

आणि त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली.

पहिलं काम म्हणजे बायोडाटा. मालक तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं गेले. त्या टायपिंगवाल्यानं आजवर सातबाराचे अर्ज आणि लग्नाचे बायोडाटे, एवढंच काय ते केलं होतं. मालक म्हणाले बायोडाटा, त्यानं बायोडाटा काढला. काठानं गुलाबाची फुलं. वर 'श्री गणेश प्रसन्न'. ते टाइप झाल्यावर मालकांना आम्ही बौद्ध असल्याचं आठवलं, म्हणून त्याच्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'जय भीम'. मग उंची. वर्ण निमगोरा. स्वभाव मनमिळाऊ. मामांचं गाव मुखेड. आणि शेवटी, 'अपेक्षा: कायमची नोकरी, शक्यतो सरकारी'. फोटो काकूंच्या फोनमधला, माझ्या चुलतभावाच्या लग्नातला, हिरवी साडी आणि गजरा. नवऱ्याचं नाव कुठंच नाही. नोकरी नवऱ्याला थोडीच पाहिजे होती!

हा कागद मालकांनी लातूर, निलंगा, उदगीर, नांदेड इथल्या ज्या ज्या घरातलं कुणी परदेशात असेल त्या त्या घरी व्हॉट्सअॅपवर पाठवला. मला पत्ताच नाही. आठवड्याभरात नवऱ्याचा फोन आला.

"तुझं लग्न ठरायलंय म्हणं."

"काय?"

"इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर तुझा बायोडाटा आलाय. मुलगी लॅबमध्ये कामाला हाय, चांगलं स्थळ असंल तर कळवा म्हणून. दोघांनी तुझ्या मामाचा नंबर मागितला. मी काय सांगू?"

मी रागारागानं मालकांपुढं जाऊन उभी राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंजी दोघांला पसंत पडलीस?"

"काका, लग्नासाठी!"

"कशासाठी का असंना. तिथं पाय ठिवायच्या आधी लोकाला ठावं झालीस. मला मस्कतात कुत्रं वळखत न्हवतं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी काकू वाटीभर गरम पिठलं घेऊन आल्या. "खा माय," म्हणाल्या. "मला बगायला आलते तवाबी ह्यांनी असाच घोळ घातलता. माझ्या धाकट्या बहिणीला पसंत करून गेलते." पिठलं खाता खाता मला इतकं हसू आलं की राग टिकलाच नाही.

त्यानंतर मालकांनी परदेशाची रंगीत तालीम काढली. त्यांचं म्हणणं असं की, माणसाला परदेशाचं भ्या वाटतं ते पाट्या वाचता येत नाहीत म्हणून. तेव्हा एक दिवस अशा गावात जायचं की जिथं पाटी वाचता येत नाही, आणि दुकानादुकानात जाऊन काम मागायचं. असं गाव मस्कतपेक्षा जवळ होतं. लातूरहून एसटीनं निलंगा, तिथून कर्नाटकाची गाडी, सीमा ओलांडली की संपलं. रविवार गाठून आम्ही निघालो. मालकांनी इस्त्रीच्या शर्टाखाली त्या दिवशी पँट घातली होती. मी तिथंच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

गाडीत त्यांनी मला कानडीतलं एक वाक्य पाठ करून घेतलं, 'केलसा इदेया?', म्हणजे काम आहे का. आणि मस्कतची हकिकत सांगितली.

"एजंटानं कागदावर मला गवंडी केलतं. म्या इटंला कवा हात लावला न्हवता. पयल्या दिवशी भिंत बांधली. सांजच्याला ती खाली बसली. मग रोज एकाएकाच्या दारात जाऊन म्हणायचो, हे मला येत न्हाई, दुसरं काय बी द्या. समदे न्हाई म्हणायचे. आखरीला एक स्टोरवाला कटाळून हाव म्हणला. तिथंच ऱ्हायलो मग."

गाव आलं. पाट्या खरंच कानडीत होत्या, गोल गोल, एकही अक्षर ओळखीचं नाही. मालक खूश. पहिल्याच किराणा दुकानापुढं त्यांनी मला ढकललं. मी डोळे मिटून म्हणाले, "केलसा इदेया?"

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "मराठीत बोला की, बाई. माजी बायको निलंग्याची हाय."

पुढचा दुकानदारही मराठी बोलला. हॉटेलवाला तर आमच्या एमआयडीसीत चार वर्षं काम करून गेलेला. मालकांचा चेहरा उतरत गेला. "परदेश अजून फुडं सरकला वाटतं," ते पुटपुटले.

पण खरी अडचण भाषेची नव्हतीच, हे थोड्याच वेळात उघड झालं. बाजाराच्या टोकाला एक लॅब होती. तीच काउंटरची काच, तोच स्पिरिटचा वास. मालक म्हणाले, जा, इथं इचार. मी पायरीपर्यंत गेले आणि थांबले. आतला माणूस मराठी बोलेल हे मला माहीत होतं. मला काम नको होतं, तो हो म्हणाला असता तर उलट पंचाईत झाली असती. तरी माझा पाय उचलेना. मी मागं फिरले. वाटलं, इथं ही गत, तर तिथं मी काय दिवे लावणार! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मालकांकडं बघितलं नाही.

ते रागावले नाहीत. "हितं उबी ऱ्हा आन् निस्तं बग," म्हणाले. आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस शर्ट नीट खोचून समोरच्या अडतीत शिरला.

"काम हाय का?"

"न्हाई."

"बरं." बाहेर येऊन माझ्याकडं बघत त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, जणू काही झालंच नाही. मग भांड्यांचं दुकान. "या वयात काय काम करता, आजोबा?" "तुमी म्हणाल ते." "न्हाई वो." पुन्हा बाहेर, पुन्हा हात पसरून. "बगितलीस? न्हाई म्हणले. मेलो का म्या? कुटं काय तुटलं का?" असं करत करत ते रस्ताभर नकार गोळा करत चालले आणि दर नकाराला त्यांची चाल अधिक ऐटीची होत गेली. मी मागून हसत चालले होते. मग ते कापडाच्या एका दुकानात शिरले.

"काम हाय का?"

मालकीणबाईंनी मान वर केली. लग्नसराई होती, दुकानात बायकांची झुंबड, गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग. "बसा," त्या म्हणाल्या. "घड्या घाला. पोरगा आज आलाच न्हाई."

मालक माझ्याकडं बघू लागले. मी त्यांच्याकडं. हो म्हणेल कुणी, याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

"चला ना काका, सांगा गंमत केली म्हणून," मी हळूच म्हणाले.

"गंमत कशी? तोंडानं मागितलं की म्या." त्यांनी चपला काढल्या, गादीवर मांडी घातली आणि पहिली साडी हातात घेतली. ते काही उठायला तयार नव्हते. दुपार झाली, जेवणवेळ टळली, मालक घड्या घालतायत. घडी अशी की काठ बाहेर लोंबतोय आणि पदर आत गडप. त्यात गिऱ्हाइकाला मस्कतच्या बाजाराच्या गोष्टी. एका नवरीच्या आईला ते म्हणाले, हा रंग मस्कतात कुणी घेत नाही. तिनं साडी ठेवून दिली.

मी पायरीवर बसून किती वेळ काढणार? कंटाळून उठले. शेजारी टेलर होता. सहज म्हणाले, "काम हाय का?" तो मशीनवरून मान न उचलता न्हाई म्हणाला. मी थांबले. खरंच काही झालं नव्हतं. पुढं मेडिकल होतं. तिथंही न्हाई. मग एक इंग्लिशचा क्लास, एक झेरॉक्सवाला, एक ब्यूटी पार्लर. शेवटी मी त्या लॅबच्या पायरीवर आले, ती चढले, आणि काचेपलीकडच्या माणसाला माझं नाव, शिक्षण, अनुभव सगळं सांगून काम मागितलं. तो म्हणाला, जागा नाही. "बरं," म्हणून मी बाहेर पडले. रस्त्यात मधोमध उभी राहून मी एकटीच हसले, आणि माझं हसू बघून एका केळीवाल्या बाईनं मला उगाचच एक केळं दिलं.

परतले तेव्हा मालकांची नोकरी गेली होती. "आजोबा, उद्या येऊ नका," असं मालकीणबाईंनी हात जोडून सांगितलं होतं. मजुरी म्हणून एक ब्लाउजपीस मिळाला होता, झगझगीत पोपटी. घरी आल्यावर काकूंनी तो उजेडात धरून बघितला. "ह्या रंगाची साडी घरात एकबी न्हाई," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेत ठेवून दिला.

व्हिसा आला. मी खोली आवरली, गादी, शेगडी नि भांडी काकूंच्या हवाली केली, किल्ली मालकांच्या हातात दिली. लातूर स्टेशनवर ते दोघं सोडायला आले होते. मालकांनी गाडी हलताना खिडकीला धरून शेवटची सूचना दिली. "काम लागलं म्हणून फोन करू नको. न्हाई म्हणले की कर."

मी तसंच केलं. जर्मनीत पहिल्या महिन्यात मी बेकरीत विचारलं, वृद्धाश्रमात विचारलं, हॉटेलच्या धुलाईखान्यात विचारलं. तिथली माणसं नाही म्हणतात तेसुद्धा फार नीट, कारणं देऊन. सगळी कारणं मला समजत नसत, नाही तेवढं समजे. मी लातूरला फोन लावायची आणि तिकडून आरोळी यायची, "शाब्बास!" पहिल्या नकाराच्या दिवशी मालकांनी सगळ्या भाडेकरूंना जिलेबी खाऊ घातली. भाडेकरूंना कळेना की पोरगी नापास झाल्याची जिलेबी कसली. त्या मराठी ग्रुपवरच्या एक बाई तर दुकानात मला बघून लांबूनच ओरडल्या, "तुम्हीच ना त्या, शक्यतो सरकारी?" त्यांनी मला घरी नेऊन जेवू घातलं, माझी मोडकी वाक्यं दुरुस्त केली, आणि आणखी कुठं कुठं विचारता येईल ते सांगितलं.

थंडी वाढत गेली तसे माझे नकारही वाढले. काही दिवस मला फोन करावासाच वाटेना. मालकच करायचे. "आज कोण न्हाई म्हणलं?" असं मोठ्या उत्साहानं विचारायचे. एकदा मी चिडून म्हणाले, "काका, तुम्हाला यात मजा वाटते, इथं माझा जीव जातो." ते म्हणाले, "उद्या परत जा." त्या एका वाक्यावर मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले.

या वेळी गेले ती एक मोठी लॅब होती. माझ्या कागदांना मान्यता मिळेपर्यंत रक्त काढायचं काम ते देऊ शकत नव्हते. पण नमुने उतरवून घ्यायला, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तपासून मशीनला लावायला माणूस पाहिजे होतं. सोमवारपासून या, म्हणाले. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाहेर येऊन बाकावर बसले आणि तिथूनच फोन लावला.

"काका, काम लागलं."

मी नेहमीच्या आरोळीची वाट बघितली.

"कायमचं?" त्यांनी विचारलं.

"सध्या वर्षाचं. पुढं वाढवतो म्हणालेत."

शाब्बास नाही, आरोळी नाही, मस्कत नाही. मग ते म्हणाले, "मंग आता तुमची खोली देऊ का भाड्यानं?"

"कुठली खोली?"

"तुमचीच की."

फोन काकूंनी ओढून घेतला. "तू गेल्यापासून कुलूप हाय तिला, माय. इतके लोक इचारून गेले, समद्याला न्हाई म्हणत्यात. लेकराला तिकडं जमलं न्हाई तर आल्यावर उतरंल कुठं, म्हणत्यात. दर ऐतवारी तुझी गादी उन्हात टाकत्यात, शेगडी पुसत्यात. माझ्यासंगं जेवतानाबी तुझंच बोलणं."

माझ्या नकारावर जिलेबी वाटणारा, 'उद्या परत जा' म्हणून फोन ठेवणारा हा माणूस इतके महिने माझ्याइतकाच घाबरलेला होता. मला भीती वाटायची ती मी त्यांना सांगून मोकळी व्हायची. त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, नुसती एका खोलीला कुलूप घालून ठेवली होती. बाकावर बसून मी हुंदके देऊन रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू दे म्हटलं.

फोन परत मालकांकडं आला होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"द्या, काका," मी म्हणाले. "द्या आता भाड्यानं."

"बग बरं," ते म्हणाले. "अजून म्हैनाभर थांबू का?"